वर्ते, वेर्डे

माइन्त्स,
१२ ऑक्टोबर

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार.

फोनवर म्हटलं होतं ना, सविस्तर लिहीन, ते हे पत्र. फोनवर इकडे बाळाचं रडणं आणि तिकडे तुझ्या कुकरच्या शिट्ट्या, त्यात काही सांगणं होत नाही. शिवाय हे कागदावरच यायला हवं, कारण यात धातुरूपं आहेत. हसू नकोस. लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या बाईनं धातुरूपं लिहून पाठवावीत आणि ती कुणी वाचावीत, असं ठिकाण वाईत तुझंच आहे.

आधी खुशाली. नेहा बरी आहे, बाळ बरं आहे, मी डिंक-हळिवात बुडालेय. पहिला आठवडा मात्र कठीण गेला. इथे बाळंतिणीला तीन-चार दिवसांत घरी पाठवतात आणि पुढे सुईण घरी येते. तिला हेबामे म्हणतात. पैसे विमा देतो. आमची हेबामे पन्नाशीची, सायकलवर येते, हेल्मेट काढून दारातल्या खुंटीला अडकवते आणि आधी हात धुते. तिच्या पिशवीत काय असावं? ताणकाटा! बाळाला फडक्याच्या झोळीत घालून ती झोळी हुकाला टांगते आणि काटा उचलून डोळ्यांसमोर धरते. मंडईत सुरण तोलावा तसं माझं नातवंड हवेत लोंबकळत होतं आणि माझा जीव त्याच्यासोबत.

जन्माच्या वेळी ३२१० ग्रॅम होतं. पाचव्या दिवशी २९४०. पहिल्या दिवसांत वजन उतरतं हे तुला-मला माहीत आहे, पण नेहाला कोण समजावणार? ती घळाघळा रडायला लागली. हेबामेनं झोळी उतरवली, बाळ तिच्या कुशीत दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “दास विर्ड शोन.”

मी विचारलं काय म्हणाली. नेहा नाक पुसत म्हणाली, “होईल म्हणते.”

होईल! काय होईल, कधी होईल, कसं होईल, काही नाही. आपल्याकडे आजेसासूबाई म्हणायच्या तसं, “होईल गं.” जर्मन लोक काटेकोर, मिनिटांवर चालणारे असं ऐकून आले होते, आणि त्यांची सुईण कर्त्याला ना रूप ना नाव देता म्हणते होईल. सुटे शब्द घेतले तर ‘दास’ म्हणजे ते, ‘शोन’ म्हणजे एरवी ‘आधीच’, पण इथे नुसता धीर द्यायला घातलेला, आपल्या ‘गं’सारखा. राहिला ‘विर्ड’. मी त्यात अडकले.

रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसायची पाळी माझी असते. नेहाचं जर्मन शिकतानाचं जुनं पुस्तक काढलं आणि मागची क्रियापदांची पानं उघडली. मूळ रूप वेर्डेन. लिहायचं असं, बोलताना ‘र’ जवळजवळ गिळतात आणि ‘वेअडन’ ऐकू येतं. वर्तमानकाळ पाहा: इश वेर्डे, डू विर्स्ट, एर विर्ड, वीर वेर्डेन, ईर वेर्डेट, झी वेर्डेन. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. ‘विर्ड’चा उच्चार विर्ट. सरळ क्रियापदाला तृतीय पुरुषी एकवचनात शेवटी ‘ट’ लागतो, इथे लिहिताना तो नाही. ‘विर्स्ट’मधला ‘ड’ तर पार चिणून गेलाय. जे क्रियापद दिवसातून शंभरदा तोंडात येतं ते असंच झिजतं. आपलं ‘आहे’ कुठे सरळ चालतं?

मी मनात म्हणत होते, इश वेर्डे, इश वेर्डे. आणि कुमुद, अंगावर काटा आला. *नानवाप्तमवाप्तव्यं वर्त एव च कर्मणि.* गीतेचा तिसरा अध्याय, बाविसावा श्लोक. तिथे संधी सोडवला की ‘वर्ते’. अहं वर्ते, मी वर्ततो. इश वेर्डे.

वृतु वर्तने! भ्वादि, आत्मनेपदी. सदतीस वर्षं मुलींकडून वर्तते वर्तेते वर्तन्ते घोकून घेतलं आणि तो धातू मला माइन्त्समध्ये सुईणीच्या तोंडी भेटावा!

आता तुझा चेहरा दिसतोय मला. “शालू, ध्वनिसाम्यावर भाळू नकोस.” नाही भाळले. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला म्हणणाऱ्यांचा मला तुझ्याइतकाच वैताग आहे. जर्मन संस्कृतातून आलेली नाही, दोघी बहिणी आहेत, आई कुणी पाहिलेली नाही. आणि पहिली शंका मीच काढली: वर्ते आणि वेर्डे यांतला शेवटचा ‘ए’ एकच का? नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे जर्मन ‘विर्डु’ म्हणत, तो उ झिजून ए झाला. आपला ए आत्मनेपदाचा. म्हणजे जे सर्वांत जास्त सारखं दिसतं तेच योगायोगाचं, आणि जे कमी सारखं दिसतं, ‘वर्त्’ आणि ‘वेर्ड’, ते नातं रक्ताचं. कारण तिथे नियम आहे. आपला त तिकडे आधी थ झाला आणि जर्मनमध्ये ड: त्रि, थ्री, द्राय. त्वम्, दाऊ, डू. तृष्णा, थर्स्ट, डुर्स्ट. इंग्रजीतही हे क्रियापद होतं, ‘वेओर्थान’, पण त्यांनी ते मध्ययुगातच टाकून दिलं. लॅटिनमध्ये तोच धातू ‘वेर्तेरे’, वळणे. मूळ अर्थ वळणे हाच. वळता वळता एक वस्तू दुसरी होते. दूध ‘वळतं’ तसं समज.

आठवतं का, एम.ए.ला भाषाशास्त्राचा पेपर होता? सदाशिव पेठेतल्या खोलीत स्टोव्हवर चहा ठेवून आपण ग्रिमचा नियम, त चा थ होतो तोच, आणि त्यातले अपवाद सोडवणारा व्हेर्नरचा नियम तोंडपाठ केला. सोळा गुणांचा हमखास प्रश्न. उदाहरणं सगळी पाठ, पण त्यातला एकही जर्मन शब्द कुणा जर्मन माणसानं उच्चारलेला आपण ऐकला नव्हता. मला तर ती भाषा परीक्षेपुरती निर्माण केलेली वाटायची.

आणि गंमत बघ, मी बसलेय ते गाव फ्रान्त्स बोप्पचं. १७९१ साली तो इथे माइन्त्समध्ये जन्मला. पॅरिसला जाऊन संस्कृत शिकला आणि १८१६ साली त्यानं संस्कृतच्या क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन रूपांशेजारी ठेवून पुस्तक छापलं. नुसते शब्द नाहीत, रूपं. पंचविशीही पूर्ण झाली नव्हती. पुढे त्याचं मोठं तुलनात्मक व्याकरण आलं. ते व्याकरण डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नरनं एका दुपारी झोप लागावी म्हणून हातात घेतलं, ही गोष्ट आपल्याला सरांनी सांगितली होती आणि आख्ख्या वर्गाला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली होती. पुस्तक उघडलं आणि झोप उडाली. पिता आणि भ्राता दोघांतही त, मग जर्मनमध्ये एकाचं ‘फाटर’ नि दुसऱ्याचं ‘ब्रूडर’ का, ट आणि ड वेगळे का? उत्तर वेदांतल्या स्वरात, म्हणजे पठणातल्या आवाजाच्या चढउतारात होतं. भ्राता शब्दात उदात्त, म्हणजे चढा स्वर, पहिल्या अक्षरावर, पिता शब्दात शेवटच्या. उदात्त व्यंजनाच्या लगेच आधी पडला की एक फळ, नाहीतर दुसरं. जर्मनांचे तसे स्वर केव्हाच गेले होते, पण त्यांची खूण व्यंजनांत उरली होती. १८७५ सालचा हा शोध, १८७७ मध्ये छापला. त्याच १८७७ मध्ये आपले रा. गो. भांडारकर मुंबईत विल्सन व्याख्यानं देत होते, बघ कसा काळ होता तो.

वेर्डेन हे याचंच ठळक उदाहरण आहे, आणि ते मी परीक्षेत लिहिलंही असेन! वर्तते मध्ये उदात्त पहिल्या अक्षरावर, म्हणून जुन्या जर्मनमध्ये ‘वेर्डान’, ड. ववृतिम आणि वृत्त या भूतकाळी रूपांत उदात्त शेवटी सरकला, म्हणून ‘वुर्टुम’, ‘गिवॉर्टान’, ट. पुढे लोकांनी कंटाळून सगळीकडे ड करून टाकला: वेर्डेन, वुर्डे, गेवॉर्डेन. पण ती जुनी अदलाबदल काही क्रियापदांत अजून जिवंत आहे. श्नायडेन म्हणजे कापणे, त्याचं भूतकाळी रूप ‘श्निट’, कापलेलं ते ‘गेश्निटेन’. शिंपी इथे ‘श्नायडर’, आणि त्यानं बेतलेल्या कापाला म्हणायचं ‘श्निट’. एकाच दुकानात ड आणि ट.

मला तुझे अण्णा आठवले. पडवीत बसून संथा देताना स्वरासरशी मान खाली-वर करायचे, आणि आपण दोघी दाराआडून हसायचो. त्या मानेच्या हेलकाव्यात जर्मन सुईणीच्या ‘ड’चं कारण होतं, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते? बहुधा “असेल.” बाळाची मान अजून धरत नाही. खांद्यावर घेतलं की खाली-वर होते. मी त्याला अण्णाच म्हणते सध्या. नेहा चिडते.

रूपं आणखी थोडी सोस. भूतकाळ ‘वुर्डे’. जुनं रूप ‘वार्ड’. ल्यूथरच्या बायबलात अगदी सुरुवातीला आहे: एस वेर्डे लिश्ट, उंड एस वार्ड लिश्ट. प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला. बोलताना आता ‘वार्ड’ कुणी म्हणत नाही. अनेकवचनातला उ एकवचनात शिरला, शेवटी एक ए चिकटला, वुर्डे तयार. पूर्ण भूतकाळाला ‘झाइन’ म्हणजे असणे हे सहायक. इश बिन गेवॉर्डेन, मी झाले आहे.

यावरून माझी फजिती ऐक. मला हेबामेला सांगायचं होतं की मी पहिल्यांदाच आजी झालेय. इंग्रजीतल्या ‘बिकम’सारखा दिसतो म्हणून मी बेधडक ‘बेकोमेन’ वापरला: इश हाबे आइने ओमा बेकोमेन. ती आधी गंभीरपणे माझ्याकडे बघत राहिली, मग हसता हसता खुर्चीवर बसली. बेकोमेन म्हणजे मिळणे. मी म्हणाले होते, “मला आजी मिळाली.” तिनं दुरुस्त केलं, “इश बिन ओमा गेवॉर्डेन.” आणि बाळाकडे बोट दाखवून म्हणाली, आजी मिळाली आहे ती याला. तेव्हा माझं वाक्य अगदीच वाया गेलं नाही, फक्त कर्ता चुकला.

अर्थांकडे येते, कारण खरी मौज तिथे आहे. वेर्डेन तीन कामं करतं आणि तिन्ही ठिकाणी मला मराठीतला एकेक कोपरा दिसला.

होणे तर झालंच. एस विर्ड डुंकेल, अंधार होतोय. मीर विर्ड काल्ट, मला थंडी वाजायला लागली. हा ‘मीर’ म्हणजे ‘मला’, चतुर्थी! इंग्रजीत जी थंडी मीच असते, ती इथे आपल्यासारखी मला येते. मीर विर्ड श्लेश्ट म्हणजे मला मळमळतंय. मी नेहाला म्हटलं, हे लोक चतुर्थीत आजारी पडतात, म्हणजे आपलेच.

दुसरं भविष्यकाळ. पुस्तक म्हणतं वेर्डेन अधिक मूळ रूप म्हणजे भविष्यकाळ, पण घरात मला तसं फारसं ऐकू येत नाही. हेबामे जाताना म्हणते “मॉर्गेन कोमे इश,” उद्या येते. येईन नाही, येते. आपण काय वेगळं म्हणतो? मग ‘विर्ड’ कुठे ऐकू येतं? तर्कात. बाळ रडलं की ती म्हणते “एर विर्ड हुंगर हाबेन.” शब्दशः भूक असणार, अर्थ ‘भूक लागली असेल’. आपलं ‘असेल’ हेच करतं. रूप भविष्यातलं आणि गोष्ट आत्ताची. ‘तो झोपला असेल’ म्हणताना कुणी उद्याबद्दल बोलत नसतं. हे मराठी शिकवताना मला परकीय विद्यार्थ्याला कधी नीट समजावता आलं नव्हतं. इथे कुणाला समजवावंच लागणार नाही.

तिसरं काम कर्मणी. दास हाउस विर्ड गेबाउट, घर बांधलं जातंय. आपण ‘जाणे’ वापरतो, ते ‘होणे’. इथे भूतकाळी धातुसाधिताचं ‘गे’ गळतं. आजी झाले तर गेवॉर्डेन, पण मला विचारलं गेलं असेल तर ‘इश बिन गेफ्राग्ट वॉर्डेन’. पण तुझ्यासाठी खास जपून ठेवलंय ते पुढेच. यांच्याकडे भावे प्रयोग आहे! हॉयटे विर्ड गेटान्त्स्ट. अद्य नृत्यते. कर्ता नाही, कर्म नाही, नाचणं तेवढं होतं. एका संध्याकाळी बाळ काही केल्या डोळा मिटेना. हेबामेनं त्याला उभं धरलं, नाकाला नाक लावून दरडावलं, “येत्स्ट विर्ड गेश्लाफेन!” इदानीं सुप्यते. मराठीत काय म्हणू आपण? “आता झोपायचं!” तू झोप नाही, आपण झोपू नाही. कुणाचंही नाव न घेता हुकूम. तीन भाषा एका पाळण्याशी जमल्या. बाळ अर्थात झोपलं नाही.

‘व्युर्डे’बद्दल फार लिहीत नाही, त्याचा उ काही मला जमत नाही. जीभ ‘ई’ची ठेवायची आणि ओठ ‘उ’चे. हे रूप ‘असतं तर केलं असतं’साठी आणि आर्जवासाठी, ‘द्याल का जरा’ म्हणायला. पण जावयांनी एक छान सांगितलं. पुण्यात जर्मन शिकताना त्यांना सूत्र दिलं होतं: वेन्-झेत्से झिंड व्युर्डेलोस. म्हणजे ‘जर’च्या वाक्यात व्युर्डे घालायचा नाही. पण ‘व्युर्डे’ नावाचं एक नामही आहे, त्याचा अर्थ प्रतिष्ठा, आणि ‘व्युर्डेलोस’ म्हणजे निर्लज्ज, मानमरातब नसलेला. तेव्हा सूत्राचा दुसरा अर्थ, जर-तरची वाक्यं लाज सोडलेली असतात! ते नाम या धातूचं रूप नव्हे, लायक या अर्थाच्या ‘वेर्ट’वरून आलेलं आहे. त्यांच्या १९४९च्या राज्यघटनेतल्या पहिल्या कलमाचं पहिलंच वाक्य त्याच शब्दानं सुरू होतं, माणसाची प्रतिष्ठा अभंग आहे. जर-तर नाही, बरोबर आहे.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मी या धातूची आपल्याकडची लेकरं मोजते. वर्तन, वृत्ती, आवृत्ती, वृत्त, वार्ता, परिवर्तन, चक्रवर्ती ही तत्सम मंडळी सरळच. पण घरगुती बघ. देवापुढची वात. जायची वाट, आधी वर्त्म, चाकानं उमटवलेली. आणि वाटोळं, वर्तुळातून. ‘वाटोळं झालं’ म्हणतो त्यात धातूही आहे आणि होणेही आहे, जर्मनांना सांगायला हवं. मी स्वतः निवृत्त, तीही यातलीच, मागे वळलेली.

सर्वांत मोठा ऐवज शेवटी हाती लागला. वर्तमानकाळाला जर्मनमध्ये म्हणतात ‘गेगेनवार्ट’. गेगेन म्हणजे समोर, आणि ‘वार्ट’ म्हणजे वळलेला, त्याच मुळाचा. आपण म्हणतो जो वर्ततो आहे तो काळ, ते म्हणतात जो आपल्याकडे तोंड करून उभा आहे तो. आणि उत्तरेकडच्या जुन्या पुराणकथांत नशीब विणणाऱ्या तिघी आहेत, त्यांतल्या मधलीचं नाव ‘वेर्दांदी’. होत असलेली. शब्दाला शब्द ‘वर्तमाना’. माझ्या वर्गात एखादी वर्तमाना असती तर हजेरी घेताना मजा आली असती.

असो, हेबामेची फेरी आता रोज नाही, आठवड्यातून एकदा. गेल्या खेपेला तिनं दूध वाढायला चहा दिला. हुंगून पाहिला तर बडीशेप आणि शहाजिरं! मी आपल्या बाळंतशेपांची डबी उघडून तिच्या नाकाखाली धरली. तिनं डोळे मिटून वास घेतला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. दोघींना एकमेकींच्या भाषेत जेमतेम दहा वाक्यं येतात, पण त्या दिवशी कुणी बोललंच नाही. चौदाव्या दिवशी वजन ३२६० भरलं. तिनं काटा माझ्याकडे फिरवला, आकडा मीच वाचावा म्हणून.

व्हिसा नव्वद दिवसांचा आहे, नोव्हेंबरच्या शेवटी परत येईन. माधवरावांना नमस्कार सांग, गुडघ्याला तेल लावायला सांग, ऐकणार नाहीत. हळीव संपत आलेत, कुणी इकडे येणारं असेल तर पाव किलो पाठव. आणि मंगळवारच्या गीतेच्या वर्गात दुसरा अध्याय संपला की थांबा. तिसरा माझ्याशिवाय सुरू करू नका. निदान बाविसाव्या श्लोकापर्यंत तरी मी पोचायला हवी.

तुझी,
शालू